बौद्ध धर्म, आधुनिक विज्ञान आणि सुखविचार

बौद्ध धर्म व आधुनिक विज्ञान यांचे परस्परसंबंध आणि त्या अनुषंगाने मानवी सुखाविषयी झालेला विचार यांचा येथे ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेतला आहे. बौद्ध धर्म विज्ञानाशी सुसंगत आहे, हे विधान आज इतक्या सहजपणे केले जाते, की ते बौद्ध परंपरेइतकेच प्राचीन असावे असा समज होतो. वस्तुतः ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आले. श्रीलंका, जपान, ब्रह्मदेश, भारत आणि अमेरिका या देशांत ते निरनिराळ्या गरजांतून मांडले गेले व दर वेळी त्याचा आशयही काहीसा बदलत गेला. या बदलांबरोबर दुःख कोणते मानावयाचे आणि त्याचे मूळ कोठे शोधावयाचे, हा प्रश्नही नव्याने विचारला गेला. विज्ञानाशी झालेल्या संवादाचे खरे महत्त्व या प्रश्नाच्या संदर्भातच लक्षात येते.

दुःख, सुख आणि वेदना : परंपरेनुसार सारनाथ येथील पहिल्या प्रवचनात बुद्धाने दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध व निरोधाकडे नेणारा मार्ग अशी चार आर्यसत्ये सांगितली. पाचव्या शतकातील भाष्यकार बुद्धघोष याने विसुद्धिमग्ग या ग्रंथात या चार सत्यांना रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध यांची उपमा दिली आहे. पाली ‘दुक्ख’ या शब्दाची व्याप्ती मराठीतील ‘दुःख’ या शब्दापेक्षा मोठी आहे. शारीरिक व मानसिक पीडा हे दुःखाचे एक रूप होय. सुखद अवस्था टिकत नाही, या पालटातून उद्भवणारे दुःख हे दुसरे. तर कारणांवर अवलंबून असलेल्या सर्वच अस्तित्वाची मूलभूत अस्थिरता हे तिसरे रूप होय.

आधुनिक मानसशास्त्राला सर्वांत जवळची वाटणारी बौद्ध संकल्पना ‘वेदना’ ही आहे. मराठीत वेदना म्हणजे पीडा. परंतु पाली ग्रंथांत या शब्दाचा अर्थ अनुभवाची सुखद, दुःखद किंवा सुखदुःखविरहित छटा एवढाच आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत इंद्रियस्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून उपादान म्हणजे आसक्ती असा क्रम सांगितला आहे. वेदना टाळता येत नाही. मात्र तिच्यातून तृष्णा उत्पन्न होणे अपरिहार्य नाही, हे बौद्ध साधनेचे मुख्य गृहीतक आहे. वेदना आणि तृष्णा यांमधील दुवा अवधानाने सैल करणे, हे ध्यानाभ्यासाचे एक प्रमुख उद्दिष्ट होय.

बौद्ध धर्म केवळ दुःखवादी आहे, ही समजूत मूळ ग्रंथांना धरून नाही. धम्मपदात ‘सुखवग्ग’ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. अंगुत्तरनिकायातील एका सुत्तात बुद्धाने अनाथपिंडिक या श्रेष्ठीला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. न्यायाने मिळविलेले धन असण्याचे सुख, त्याचा उपभोग घेण्याचे व दान करण्याचे सुख, ऋणमुक्त असण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख ही ती चार सुखे असून त्यांपैकी शेवटचे श्रेष्ठ मानले आहे. दीघनिकायातील कूटदंतसुत्तात राज्यातील चोऱ्यामाऱ्या दंडाने थांबत नाहीत. शेतकऱ्यांना बी-बियाणे, व्यापाऱ्यांना भांडवल आणि सेवकांना योग्य वेतन दिल्यानेच त्या थांबतात, असा उपदेश एका राजाच्या कथेच्या रूपाने आला आहे. अर्थात दुःखाच्या सामाजिक कारणांची जाणीव प्राचीन ग्रंथांना अपरिचित नव्हती. तथापि परंपरेचा मुख्य भर व्यक्तीच्या चित्तशुद्धीवर व अंतिमतः निर्वाणावर राहिला.

बौद्ध धर्माच्या विवेकनिष्ठेचे प्रमाण म्हणून अंगुत्तरनिकायातीलच कालामसुत्ताचा सर्वत्र उल्लेख केला जातो. केसपुत्त येथील कालामांना बुद्धाने केवळ ऐकीव माहिती, परंपरा, ग्रंथप्रामाण्य वा गुरूविषयीचा आदर यांच्या आधारे काहीही न स्वीकारण्याचा उपदेश केला. मात्र तेथे सांगितलेली कसोटी नैतिक स्वरूपाची आहे. जे आचरले असता लोभ, द्वेष व मोह वाढतात आणि सुज्ञ लोक ज्याची निंदा करतात ते टाकावे. ज्याने हित व सुख साधते ते स्वीकारावे, असे हे सुत्त सांगते. प्रयोगाने पारखण्याजोगे सिद्धांत मांडणाऱ्या आधुनिक विज्ञानपद्धतीशी तिचे काही साम्य असले, तरी दोन्ही एकरूप नाहीत. ‘विज्ञान’ या शब्दाबाबतही असेच अंतर आहे. आज मराठीत निसर्गाचे प्रयोगाधिष्ठित शास्त्र या अर्थाने रूढ असलेला हा शब्द बौद्ध ग्रंथांत पाच स्कंधांपैकी एकाचा, म्हणजे जाणिवेचा, वाचक आहे.

मेरू पर्वताचा वाद : बौद्ध धर्म व आधुनिक विज्ञान यांची पहिली गाठ मानसशास्त्राच्या क्षेत्रात पडली नाही, ती भूगोल व खगोल यांच्या क्षेत्रात पडली. प्राचीन बौद्ध विश्वरचनेनुसार विश्वाच्या मध्यभागी मेरू किंवा सुमेरू पर्वत असून त्याच्या चार दिशांना चार द्वीपे आहेत. त्यांपैकी दक्षिणेकडील जंबुद्वीपात माणसे राहतात आणि सूर्य व चंद्र मेरूभोवती फिरतात. पाश्चात्त्य ज्योतिषाच्या प्रसारामुळे या कल्पनेला धक्का बसला. जपानमध्ये एंत्सू (१७५४–१८३४) या भिक्षूने १८१० मध्ये ग्रंथ लिहून सुमेरूकेंद्री विश्वरचनेचे गणिताच्या साहाय्याने समर्थन करण्याचा प्रयत्न केला.

श्रीलंकेत हा वाद जाहीर सभेत झाला. ब्रिटिश अंमलात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा व छापखाने यांच्या प्रभावाला उत्तर देण्याच्या हेतूने बौद्ध भिक्षूंनी सार्वजनिक वादविवादांचा मार्ग अनुसरला होता. कोलंबोच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्यावरील पानदुरा येथे २६ व २८ ऑगस्ट १८७३ रोजी मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर आणि वेस्लियन पंथाचे धर्मोपदेशक डेव्हिड डी सिल्व्हा यांच्यात हजारो श्रोत्यांसमोर वादविवाद झाला. मेरू पर्वत पृथ्वीवर कोठेही आढळत नाही, तेव्हा त्याचे वर्णन करणारा बुद्ध सर्वज्ञ कसा, असा प्रश्न ख्रिस्ती पक्षाने उपस्थित केला. गुणानंदांनी त्याला उत्तर देताना न्यूटनप्रणीत विश्वरचना सर्वमान्य नाही, असा युक्तिवाद केला. वादात बौद्ध पक्षाची सरशी झाली, असे श्रोत्यांचे मत पडले. या वेळी विज्ञान हे बौद्ध धर्माविरुद्ध वापरले जाणारे शस्त्र होते, ही बाब पुढील घडामोडींच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

थोड्याच काळात परिस्थिती पालटली. पानदुरा येथील वादाचा इंग्रजी वृत्तांत अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो वाचून प्रभावित झालेले थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष हेन्री स्टील ऑल्कट (१८३२–१९०७) हे १८८० मध्ये श्रीलंकेत आले व त्यांनी गॉल येथे पंचशील ग्रहण केले. बौद्ध मुलांसाठी त्यांनी लिहिलेली प्रश्नोत्तररूप पुस्तिका १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नंतरच्या आवृत्त्यांत बौद्ध धर्म व विज्ञान यांवर एक स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. त्यांचे सहकारी अनागारिक धर्मपाल (१८६४–१९३३) यांनी १८९१ मध्ये महाबोधी सभेची स्थापना केली आणि १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत उत्क्रांतिवाद व बौद्ध विचार यांतील साम्यावर भर दिला. त्याच परिषदेत जपानचे झेन आचार्य शाकू सोएन यांनी कार्यकारणनियम हा आपल्या निबंधाचा विषय केला. विश्वकर्त्या ईश्वराची गरज नसलेला व कार्यकारणभावावर उभा असलेला धर्म ही बौद्ध धर्माची नवी ओळख अशा रीतीने जागतिक व्यासपीठावर मांडली गेली. या परिषदेने प्रभावित झालेले जर्मन-अमेरिकन लेखक पॉल केरस (१८५२–१९१९) यांनी १८९४ मध्ये बुद्धाच्या उपदेशाचे विवेकवादी संकलन प्रसिद्ध केले. त्याचा जपानी अनुवाद करणारे डी. टी. सुझुकी १८९७ मध्ये केरस यांच्याकडे अमेरिकेत गेले आणि पुढे पाश्चात्त्य जगात झेन विचाराचे प्रमुख भाष्यकार म्हणून मान्यता पावले.

या परिवर्तनामागे दोन गरजा होत्या. वसाहतवादाखाली अवमानित झालेल्या आशियाई समाजांना सत्ताधाऱ्यांच्या धर्मापेक्षा आपला धर्म अधिक आधुनिक आहे, असे दाखवावयाचे होते. तर डार्विननंतरच्या काळात बायबलवरील श्रद्धा डळमळीत झालेल्या पाश्चात्त्य सुशिक्षितांना विज्ञानाला न दुखावणारा धर्म हवा होता. या दोन्ही गरजा भागविताना देवदेवता, स्वर्गनरक, पूजाविधी, अवशेषपूजा यांसारखे बौद्ध समाजाच्या नित्य जीवनातील घटक मात्र पार्श्वभूमीला गेले.

भारत व महाराष्ट्र : भारतात या विचारधारेला सामाजिक आशय प्राप्त झाला. मद्रासमधील विज्ञानाचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू (१८६१–१९३४) यांनी १९०७ मध्ये बौद्ध धर्माचे सार सांगणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. बुद्धिप्रामाण्य व जातिभेदाचा निषेध यांची त्यात सांगड घातलेली आहे. या ग्रंथाच्या १९४८ मधील आवृत्तीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रस्तावना लिहिली.

मराठीत बौद्ध विचाराचा पाया धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी घातला. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबी यांनी श्रीलंकेत जाऊन भिक्षुदीक्षा घेतली व पालीचे अध्ययन केले. पुढे हार्व्हर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामात त्यांचा मोठा सहभाग होता. भगवान बुद्ध (२ भाग, १९४०–४१) या ग्रंथात त्यांनी चमत्कार व आख्यायिका बाजूला सारून मूळ सुत्तांच्या आधारे बुद्धचरित्राची पुनर्रचना केली. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही प्रसिद्ध कथा त्यांनी ऐतिहासिक मानली नाही. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताच्या आधारे त्यांनी शस्त्र धारण करून परस्परांशी झगडणाऱ्या समाजाविषयीचा उद्वेग हे गृहत्यागाचे कारण सांगितले. दुःखाचा उगम वार्धक्य, रोग व मृत्यू या अटळ गोष्टींत न शोधता मानवी कलहात शोधण्याची ही दिशा महत्त्वाची ठरली.

आंबेडकरांनी ती अधिक पुढे नेली. महाबोधी सभेच्या नियतकालिकात १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी आधुनिक समाजाला स्वीकारार्ह धर्माच्या कसोट्या सांगितल्या. धर्माने नीती हा समाजाचा आधार मानला पाहिजे. तो बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत असला पाहिजे. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे त्याने मान्य केली पाहिजेत आणि दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये, अशा या कसोट्या होत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह त्यांनी बौद्ध धर्माचा स्वीकार केला. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या विषयावरील ग्रंथात गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष दिला आहे. जन्म, जरा व मरण हेच दुःख असेल, तर धर्म माणसाला इहलोकी सुखाची आशा देऊ शकत नाही, असा आक्षेप घेऊन आर्यसत्यांची परंपरागत मांडणी मूळ उपदेशातील आहे काय, असा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेत उपस्थित केला. आत्म्यावाचून पुनर्जन्म कसा संभवतो, याचे उत्तर देताना त्यांनी देहातील महाभूतांचे व ऊर्जेचे विश्वातील समान द्रव्यांत विलीन होणे, हा विज्ञानाशी जुळणारा अर्थ स्वीकारला. आंबेडकरांच्या विवेचनात विज्ञान ही केवळ प्रतिष्ठेची बाब नाही. जन्माधिष्ठित विषमतेला पूर्वकर्माचा आधार देणाऱ्या विचारसरणीचे निराकरण करण्याचे ते साधन आहे. त्यांच्या दृष्टीने सुख ही केवळ चित्ताची अवस्था नसून माणसामाणसांतील न्याय्य संबंधांचे फलित होय.

विपश्यना : ब्रह्मदेशात वेगळी परंपरा उदयास आली. लेडी सयाडो (१८४६–१९२३) व महासी सयाडो (१९०४–८२) यांच्या प्रयत्नांमुळे पूर्वी मुख्यतः भिक्षूंपुरती मर्यादित असलेली विपश्यना साधना गृहस्थांसाठी खुली झाली. ब्रह्मदेशाचे महालेखापाल ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे या परंपरेतील गृहस्थ आचार्य होत. मंडाले येथे जन्मलेले उद्योजक सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे तीव्र अर्धशिशीवर उपाय शोधत १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले. १९६९ मध्ये भारतात आल्यावर गोएंका यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिबिरे सुरू झाली आणि तेथेच १९८५ मध्ये विपश्यना संशोधन संस्था स्थापन झाली. विपश्यना हे चित्ताचे शास्त्र असून तिच्यासाठी धर्मांतराची आवश्यकता नाही, अशी गोएंका यांची भूमिका होती. दहा दिवस मौन पाळून श्वास व शारीरिक संवेदना यांचे तटस्थ निरीक्षण करण्याची ही पद्धत कारागृहांतही उपयोगात आणली गेली. दिल्लीच्या तिहार कारागृहात एप्रिल १९९४ मध्ये एक हजाराहून अधिक बंदिवानांचे शिबिर झाले. अशा रीतीने महाराष्ट्रात बौद्ध विचाराचे दोन आधुनिक प्रवाह शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एक दुःखाचे मूळ समाजरचनेत पाहतो, तर दुसरा संवेदनेवरील अंध प्रतिक्रियेत. दोघेही विज्ञानाचे साक्ष्य देतात.

प्रयोगशाळेतील ध्यान : ध्यानाचा शरीरक्रियावैज्ञानिक अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. जपानमधील कासामात्सू व हिराई यांनी १९६६ मध्ये झेन साधकांच्या मेंदूतील विद्युत् लहरींची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुनःपुन्हा होणाऱ्या आवाजाला सामान्य माणसाचा मेंदू सरावतो व त्याचा प्रतिसाद मंदावतो. झेन साधकांत मात्र प्रत्येक आवाज जणू नव्याने टिपला जातो, असे त्यांना आढळले. मात्र बेकर व शापिरो यांनी १९८१ मध्ये केलेल्या तशाच अभ्यासात हा भेद दिसून आला नाही. हर्बर्ट बेन्सन व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार ‘तुम्मो’ साधना करणाऱ्या तीन तिबेटी भिक्षूंनी आपल्या हातापायांच्या बोटांचे तापमान ८·३° से. पर्यंत वाढविले.

वैद्यकात ध्यानाचा व्यवस्थित प्रवेश १९७९ मध्ये झाला. रेण्वीय जीवविज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याने त्रस्त रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध परिभाषा त्यांनी हेतुतः वगळली. या पद्धतीला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. ‘सति’ या पाली संज्ञेसाठी हा इंग्रजी शब्द पालीचे अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये रूढ केला होता. सति म्हणजे स्मृती. ध्येय व नैतिक बंधने यांचे स्मरण ठेवणे हा तिचा मूळचा अर्थविशेष नव्या वापरात क्षीण झाला आणि वर्तमान क्षणाचे तटस्थ भान एवढाच अर्थ प्रामुख्याने उरला. याच पद्धतीवर आधारलेल्या उपचाराचा टीझडेल, सीगल, विल्यम्स व सहकारी यांनी विषादाच्या १४५ रुग्णांवर केलेला प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी तीन किंवा अधिक वेळा विषाद झालेल्यांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६६ टक्के रुग्णांत तो उलटला. नव्या उपचाराची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते.

चौदावे दलाई लामा, चिलीचे जीववैज्ञानिक फ्रान्सिस्को व्हारेला (१९४६–२००१) व ॲडम एंगल यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये धरमशाला येथे बौद्ध विद्वान व वैज्ञानिक यांच्या संवादमालेस प्रारंभ झाला. तीतून रिचर्ड डेव्हिडसन यांच्या विस्कॉन्सिन येथील प्रयोगशाळेत दीर्घकाल साधना केलेल्या भिक्षूंचा अभ्यास सुरू झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा हजार ते पन्नास हजार तास ध्यान केलेल्या आठ साधकांत करुणाभावनेच्या वेळी मेंदूतील गॅमा लहरींची समकालिकता विशेष प्रमाणात आढळली. मात्र साधकांची संख्या अल्प होती. शिवाय हा फरक साधनेमुळे पडला की मूळचाच होता, हे अशा एकवेळच्या तुलनेतून निश्चित करता येत नाही. वॉशिंग्टन येथे २००५ मध्ये मज्जावैज्ञानिकांच्या वार्षिक अधिवेशनात दलाई लामांचे व्याख्यान ठेवण्यास काहीशे वैज्ञानिकांनी लेखी विरोध दर्शविला होता.

पुढील संशोधनामुळे प्रारंभीचा उत्साह बराच संयत झाला. गोयल व सहकारी यांनी २०१४ मध्ये ४७ नियंत्रित प्रयोगांतील ३,५१५ व्यक्तींविषयीच्या निष्कर्षांचा एकत्रित आढावा घेतला. चिंता, विषाद व शारीरिक दुखणे यांत ध्यानाने काही प्रमाणात लाभ होतो. मात्र औषधे, व्यायाम वा अन्य सक्रिय उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा नाही, असे त्यांत दिसून आले. आठ आठवड्यांच्या अभ्यासाने मेंदूच्या काही भागांतील करड्या द्रव्याची घनता वाढते, असा २०११ मधील एका लहान अभ्यासाचा निष्कर्ष होता. डेव्हिडसन यांच्याच प्रयोगशाळेने २०२२ मध्ये अधिक मोठ्या गटावर केलेल्या काटेकोर प्रयोगात अशी संरचनात्मक वाढ आढळली नाही. ब्रिटनमधील शाळांतून आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही नेहमीच्या शिक्षणाच्या तुलनेत विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यात सुधारणा दिसली नाही. काही साधकांना ध्यानकाळात भीती, निद्रानाश, स्वत्वाचा लोप यांसारखे क्लेशदायक अनुभव येतात, याची पद्धतशीर नोंद लिंडाल, ब्रिटन व सहकारी यांनी २०१७ मध्ये केली. पारंपरिक बौद्ध ग्रंथांतही साधनेतील भयावह टप्प्यांचे वर्णन आहे. परंतु ध्यानाचा सुखाचा सोपा उपाय म्हणून प्रसार होताना त्याकडे दुर्लक्ष झाले.

सुखाचे मापन : सुखाचे स्वरूप तपासणाऱ्या संशोधनाचे काही निष्कर्ष बौद्ध विचाराशी जुळणारे आहेत. ब्रिकमन व सहकारी यांनी १९७८ मध्ये सोडतीत मोठी रक्कम मिळालेल्या २२ व्यक्तींची इतरांशी तुलना केली. त्या लक्षणीय प्रमाणात अधिक सुखी नव्हत्या. शिवाय दैनंदिन साध्या गोष्टींपासून त्यांना मिळणारा आनंद उणावला होता. राष्ट्राचे उत्पन्न दीर्घकाळ वाढत गेले, तरी लोकांचे सरासरी समाधान त्या प्रमाणात वाढत नाही, असे रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये प्रतिपादन केले. त्यावर अर्थशास्त्रज्ञांत अद्यापि मतभेद आहेत. किलिंग्झवर्थ व गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० व्यक्तींच्या नोंदींवरून असे दाखविले, की जागेपणी सु. ४७ टक्के वेळ माणसाचे मन हातातील कामाबाहेर भटकत असते व त्या वेळी ते तुलनेने कमी सुखी असते. मात्र भटकणाऱ्या मनाला आवर घालणे ही बौद्ध साधनेची केवळ एक पायरी आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी.

अर्थविचाराच्या क्षेत्रात ई. एफ. शूमाखर यांनी ब्रह्मदेशातील अनुभवानंतर १९६६ मध्ये लिहिलेल्या निबंधात, किमान उपभोगातून कमाल कल्याण साधणाऱ्या बौद्ध अर्थशास्त्राची कल्पना मांडली. भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात स्थूल राष्ट्रीय उत्पादनापेक्षा स्थूल राष्ट्रीय सुख महत्त्वाचे मानले. २००८ च्या भूतानी संविधानात या तत्त्वाचा अंतर्भाव झाला. त्याच्या मोजमापासाठी नऊ क्षेत्रे व ३३ निर्देशक निश्चित करण्यात आले. भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०११ मध्ये सुखविषयक ठराव संमत केला व पुढे २० मार्च हा आंतरराष्ट्रीय सुख दिन ठरविला. तथापि १९९० च्या सुमारास याच देशाच्या नागरिकत्वविषयक व सांस्कृतिक धोरणांमुळे नेपाळीभाषक अशा लाखभर लोकांना देश सोडून नेपाळमधील निर्वासित छावण्यांत राहावे लागले. जागतिक सुख अहवालात २०१९ मध्ये भूतानचा क्रमांक १५६ देशांत ९५ वा होता. या अहवालाची पद्धत वेगळी असल्यामुळे केवळ क्रमांकावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. परंतु सुखाची मोजणी करताना ‘कोणाचे सुख’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो, हे निर्वासितांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन : बौद्ध विचार व विज्ञान यांच्या साम्याचे काही दावे टिकणारे नाहीत. फ्रिट्यॉफ काप्रा यांच्या १९७५ मधील ग्रंथापासून पुंजयामिकी व नागार्जुनाचा शून्यवाद यांची तुलना लोकप्रिय झाली. तथापि पुंजयामिकीचे निष्कर्ष गणित व मापन यांवर आधारलेले आहेत, तर शून्यतेचा विचार आसक्तीचे तार्किक अधिष्ठान नष्ट करण्यासाठी आहे. बौद्ध धर्माला भविष्यकाळाचा धर्म म्हणणारे आइन्स्टाइन यांच्या नावावर खपविले जाणारे वचनही त्यांच्या लेखनात आढळत नाही. विज्ञानाच्या नावाने बौद्ध धर्माचा जो गौरव होतो, त्यात परंपरेचा मोठा भाग गाळला जातो, हे डॉनल्ड लोपेझ यांनी २००८ मध्ये आणि ‘बौद्ध धर्म इतर धर्मांहून अधिक वैज्ञानिक आहे’ या समजुतीतील उणिवा इव्हान टॉम्पसन यांनी २०२० मध्ये दाखवून दिल्या.

दुसऱ्या बाजूस, या संवादातून दोन्ही पक्षांना खरा लाभ झाला आहे. अवधान, करुणा व प्रत्यक्ष अनुभवाचे शिस्तबद्ध निरीक्षण हे विषय मानसशास्त्राच्या अभ्यासकक्षेत प्रतिष्ठा पावले. बौद्ध परंपरेतही आत्मपरीक्षण झाले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दलाई लामांनी, विज्ञानाने निश्चितपणे खोट्या ठरविलेल्या गोष्टी बौद्धांनी सोडून दिल्या पाहिजेत, असे म्हटले व अभिधर्मातील विश्वरचनेचा बराचसा भाग त्याज्य मानला. पानदुरा येथे ज्या मेरू पर्वतासाठी वाद झाला, त्याचा आग्रह अशा रीतीने एका सर्वोच्च बौद्ध धर्मगुरूनेच सोडला. तिबेटी मठांच्या अभ्यासक्रमात अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या सहकार्याने आधुनिक विज्ञानाचा समावेशही झाला. मात्र जाणीव ही केवळ मेंदूची निर्मिती आहे, हे मत दलाई लामांनी स्वीकारलेले नाही. पुनर्जन्माची कल्पना त्याच प्रश्नाशी निगडित असल्याने हा मतभेद मूलगामी आहे.

सुखाच्या शोधाच्या दृष्टीने मुख्य प्रश्न असा, की ध्यानाचे लाभ मोजता येतात व ते मर्यादित प्रमाणात खरे आहेत, एवढ्याने दुःखनिरोधाचा प्रश्न सुटतो काय? प्रयोगशाळेत व्यक्तीचा ताण मोजता येतो. तो ज्या परिस्थितीने निर्माण केला ती परिस्थिती तेथे मोजली जात नाही. अपुरे वेतन, कर्जबाजारीपणा वा सामाजिक अवमान यांतून आलेला ताण केवळ मनाच्या शिस्तीने निवारता येईल असे मानले, तर दुःखाची जबाबदारी ते भोगणाऱ्यावरच पडते. ऋणमुक्तीला सुख म्हणणारे अनाथपिंडिकाला उपदेशिलेले सुत्त, शेतकऱ्याला बी-बियाणे देण्यास सांगणारे कूटदंतसुत्त आणि आंबेडकरांनी केलेली दुःखाची सामाजिक मीमांसा यांचे महत्त्व या ठिकाणी प्रत्ययास येते. उलटपक्षी केवळ बाह्य परिस्थिती सुधारल्याने तृष्णा शमत नाही, ही बुद्धाची मूळ दृष्टी सोडतीतील विजेत्यांच्या अभ्यासानेही पुष्ट केली आहे. चित्ताचे परिवर्तन व समाजाचे परिवर्तन या दोहोंपैकी एकाचीच निवड केल्यास बौद्ध सुखविचार अपुरा राहतो. आधुनिक विज्ञान यांतील प्रत्येक उपायाची परिणामकारकता पारखू शकते. कोणाचे व कोणते दुःख प्रथम दूर करावयाचे, हा निर्णय मात्र नीतीच्या कक्षेतील आहे. कालामसुत्ताने सांगितलेली हिताहिताची कसोटी त्याच निर्णयाला लागू पडते.